नोकरीचे पत्र आणि परदेशातील बिऱ्हाड

घरात ‘कॅनडाहून पत्र आले’ असे कोणी म्हणाले, तर पूर्वी ते ख्यालीखुशालीचे पत्र असावयाचे. सांप्रत ते बहुधा नोकरीचे असते. मुलगा वेल्डर असतो, मुलगी परिचारिका असते, जावई हॉटेलात आचारी असतो. आणि ज्याचे नाव घरात कोणी कधी ऐकलेले नाही अशा एका लहानशा गावच्या मालकाने त्याला कामावर बोलावलेले असते. नकाशा उघडला जातो, गाव सापडत नाही, आणि तरीही पेढे वाटले जातात. या आनंदावर विरजण घालण्याची आमची मुळीच इच्छा नाही. परंतु पत्र म्हणजे काय, त्याने कोणते दार उघडते आणि कोणते उघडत नाही, हे समजून घेण्याआधीच पुष्कळ घरांतून कर्ज काढले जाते किंवा जमिनीचा तुकडा विकला जातो. म्हणून या विषयाची नीट फोड करावी असे आम्हांस वाटले.

दूरच्या मुलखातला लहानसा मालक परक्या माणसाला बोलावतो आणि सरकार त्या बोलावण्याला मान देते, हे कसे घडले ते प्रथम पाहू. कॅनडाच्या १८६७ च्या मूळ कायद्यातील ९५ व्या कलमाने शेती आणि परदेशी लोकांचे आगमन या दोन विषयांत केंद्र आणि प्रांत या दोघांनाही कायदे करण्याचा अधिकार दिला. दोहोंत विरोध आल्यास केंद्राचा कायदा वरचढ. प्रत्यक्षात मात्र विसाव्या शतकाचा बराच काळ सगळी सूत्रे केंद्राच्याच हाती होती. १९६७ साली त्या देशाने गुणांची पद्धत आणली. उमेदवाराचे शिक्षण, वय, भाषा, कसब यांना गुण द्यावयाचे आणि पुरेसे गुण मिळवील त्याला घ्यावयाचे. माणसाचा वंश वा देश न पाहता त्याची लायकी पाहणारी ही पद्धत न्यायाच्या दृष्टीने मोठे पाऊल होती. आपल्याकडील शिकलेल्या तरुणांना तो देश खुला झाला तो मुख्यतः तिच्यामुळेच.

परंतु या पद्धतीत एक उणीव राहिली. गुण मिळवून आलेला माणूस देशात कोठेही राहावयास मोकळा होता, आणि माणूस जेथे आपली माणसे असतात तेथे जातो. त्यामुळे येणारे बहुतेक सगळे टोरांटो, मॉन्ट्रिऑल आणि व्हँकूव्हर या तीन शहरांकडे वळू लागले. मधल्या गवताळ प्रांतांना आणि पूर्वेच्या किनाऱ्याला फारच थोडे लोक मिळत. तेव्हा प्रांतांनी म्हटले, ‘आमच्या गरजा आम्हांला ठाऊक; निवडीत आम्हांलाही वाटा द्या.’ १९९८ साली मॅनिटोबा प्रांताने आपल्या शिफारशीने माणसे आणण्याची योजना सुरू केली आणि पुढे इतर प्रांतांनी तिचे अनुकरण केले. नोकरीच्या पत्राला जे वजन आले ते येथून. प्रांताला माणूस हवा, पण कोणता, हे त्याला कोण सांगणार? ज्याच्या कारखान्यात जागा रिकामी आहे तो मालकच सांगणार.

या साऱ्या योजनांपैकी एकच आपण उदाहरणादाखल जवळून पाहू, म्हणजे बाकीच्या समजण्यास अडचण पडणार नाही. ती अटलांटिक प्रांतांची. न्यू ब्रन्सविक, नोव्हा स्कोशिया, प्रिन्स एडवर्ड बेट आणि न्यूफाउंडलंड व लॅब्रॅडोर असे हे चार प्रांत. त्यांचे क्षेत्रफळ मिळून सुमारे ५ लाख ३९ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या पावणेदोनपट. आणि लोकसंख्या? २०२१ च्या शिरगणतीत चारही प्रांत मिळून सुमारे २४ लाख. आपल्या एकट्या नाशिक जिल्ह्याची वस्ती २०११ साली ६१ लाखांच्या घरात होती! प्रिन्स एडवर्ड बेट हा तर अख्खा प्रांत. पण त्यात माणसे दीड लाखांच्या थोडी वर.

ही वस्ती विरळ आहे एवढेच नव्हे, ती वयस्क होत चालली आहे. तरुण पोरे शिकून पश्चिमेकडे, आल्बर्टाच्या तेलाकडे किंवा ओंटारिओच्या शहरांकडे जातात. म्हातारी माणसे मागे राहतात. कोकणातल्या कोणत्याही गावकऱ्याला हे चित्र वेगळे समजावून सांगावे लागू नये. न्यूफाउंडलंडवर तर एका दिवसात आकाश कोसळले. शतकानुशतके ज्या कॉड माशावर ते बेट जगले, तो मासा अतोनात मासेमारीमुळे जवळजवळ संपला आणि जुलै १९९२ मध्ये सरकारला त्याची धंदेवाईक मासेमारी बंद करावी लागली. सुमारे ३० हजार लोकांची रोजी गेली. १९९१ साली त्या प्रांतात ५ लाख ६८ हजार लोक होते. २००६ साली ते ५ लाख ५ हजारांवर आले. शाळा मिटतात, दवाखान्यात परिचारिका मिळत नाही, गावातील सुताराने हत्यारे खाली ठेवली की त्याच्या जागी दुसरा उभा राहत नाही. आपल्या मुलाच्या हातात पडलेल्या पत्राच्या मागे अशी एका प्रदेशाची गरज उभी आहे. ती खरी आहे, म्हणूनच ते पत्रही खरे असू शकते.

या प्रदेशासाठी २०१७ साली प्रयोग म्हणून एक योजना सुरू झाली आणि जानेवारी २०२२ पासून ती कायम करण्यात आली. तिची रीत अशी आहे. कोणत्याही मालकाला कोणालाही बोलावता येत नाही. आधी त्याने प्रांताकडून मान्यता मिळवावी लागते. त्याचा धंदा त्या प्रदेशात निदान दोन वर्षे चालू असला पाहिजे, आणि परक्या मुलखातील माणसांशी कसे वागावे याचे शिक्षणही त्याला घ्यावे लागते. असा मालक उमेदवाराला नोकरी देऊ करतो. ती पूर्ण वेळाची, म्हणजे आठवड्यास निदान ३० तासांची असावी, हंगामी नसावी. ही शेवटची अट ध्यानात ठेवण्यासारखी आहे, कारण त्या किनाऱ्यावर हंगामापुरती चालणारी कामे पुष्कळ आहेत आणि तसल्या कामाचे पत्र येथे उपयोगी पडत नाही.

कॅनडात सर्व व्यवसायांच्या ० ते ५ अशा सहा पायऱ्या केल्या आहेत. ० म्हणजे व्यवस्थापक. १ म्हणजे ज्याला विद्यापीठाची पदवी लागते असे काम. २ आणि ३ मध्ये पदविकेची वा उमेदवारी करून शिकण्याची कामे. ४ म्हणजे शालेय शिक्षणावर करता येणारी. आणि ५ म्हणजे दोन दिवस पाहून जमणारी. या योजनेत पहिल्या पाच पायऱ्या बसतात, शेवटची बसत नाही. ० ते ३ पर्यंतच्या कामांत कायम रहिवास मिळाल्यावर निदान वर्षभर पुरेल अशी नोकरी पाहिजे. ४ थ्या पायरीच्या कामाला मुदतीची अखेरच नसावी, ते कायमचेच असावे.

उमेदवाराच्या बाजूने तीन गोष्टी लागतात. गेल्या पाच वर्षांत निदान १,५६० तासांचा, म्हणजे साधारण एका वर्षाचा, पगारी कामाचा अनुभव. त्या प्रदेशातच दोन वर्षांचा अभ्यासक्रम पुरा करून नुकत्याच बाहेर पडलेल्या विद्यार्थ्यांना यातून सूट आहे. दुसरी गोष्ट भाषा. इंग्रजी वा फ्रेंच भाषेची ठराविक परीक्षा द्यावी लागते. वरच्या पायऱ्यांना त्यांच्या मापाची पाचवी इयत्ता, चवथ्या पायरीला चवथी. तिसरी गोष्ट शिक्षण. आपली पदवी वा पदविका तेथील कोणत्या शिक्षणाच्या तोडीची, याचा दाखला. यांशिवाय, जो आधीपासून तेथे परवान्यावर काम करीत नाही त्याने सुरुवातीच्या खर्चापुरते पैसे जवळ असल्याचे दाखवावे लागते.

एवढे जुळले की आणखी एक पायरी येते, आणि या योजनेतील ही सर्वांत शहाणपणाची गोष्ट आहे असे आम्ही समजतो. उमेदवाराने व त्याच्या घरातील प्रौढ माणसांनी तेथील मान्यताप्राप्त सेवासंस्थेशी बोलून स्थिरावण्याचा आराखडा करावा लागतो. घर कोठे घ्यावयाचे, मुलांची शाळा कोणती, पत्नीला काम मिळेल काय, हिवाळ्यात कामावर जावयाचे कसे, हे सर्व त्यात येते. त्याचे मोल द्यावे लागत नाही. तो झाल्यावर प्रांत आपले शिफारसपत्र देतो, आणि मग केंद्राकडे कायम रहिवासाचा अर्ज करावयाचा. अर्जाचा निकाल लागेपर्यंत बरेच महिने जातात. मालकाला तेवढा धीर नसेल तर प्रांताच्या पत्रावरून दोन वर्षांपर्यंतचा कामाचा परवाना मिळू शकतो. एरवी परदेशी माणूस आणणाऱ्या मालकाला, स्थानिक माणूस मिळत नाही असे सरकारी चौकशीत सिद्ध करून दाखला घ्यावा लागतो. या योजनेत त्याची गरज ठेवलेली नाही.

आता पत्राने काय होत नाही ते पाहू. पहिली गोष्ट अशी की नोकरीचे पत्र म्हणजे व्यवसायाचा परवाना नव्हे. वैद्य, परिचारिका, औषधविक्रेते, अभियंते हे व्यवसाय तेथे प्रत्येक प्रांताच्या कायद्याखाली असून त्यांची स्वतंत्र मंडळे आहेत. वीजकाम, नळकाम असल्या कसबांतही पुष्कळ ठिकाणी प्रमाणपत्रावाचून हात लावता येत नाही. मालक राजी, प्रांत राजी, पण मंडळ राजी नाही, अशा स्थितीत येथे दहा वर्षे रुग्णशुश्रूषा केलेली बाई तेथे मदतनीस म्हणून राबते. तेव्हा पत्रावर पगार किती आहे हे वाचण्याआधी त्यावर हुद्दा कोणता लिहिला आहे हे वाचावे, आणि त्या हुद्द्याला परवाना लागतो की नाही याची चौकशी त्या प्रांताच्या मंडळाकडे आपण स्वतःच करावी.

दुसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. कायम रहिवास मिळेपर्यंतचा कामाचा परवाना बहुधा एकाच मालकाच्या नावाचा असतो. म्हणजे पगार देणारा, अर्जाला आधार देणारा आणि लहान गावात पुष्कळदा राहण्याची खोली मिळवून देणारा माणूस एकच. त्याने तासांचे पैसे कापले, ठरल्याहून हलके काम दिले, किंवा ‘तुझा अर्ज माझ्या हातात आहे’ असे सुनावले, तर माणूस बोलणार कोठे? नोकरी सुटली तर शिफारशीचा आधार जातो आणि नवा मान्यताप्राप्त मालक शोधून पुन्हा पहिल्यापासून आरंभ करावा लागतो. सगळे मालक असे असतात असे आम्ही म्हणत नाही. अनेकांना माणसाची इतकी गरज असते की ते त्याला जिवापाड जपतात. परंतु ज्या व्यवस्थेत एकाची भाकरी आणि त्याचे भवितव्य ही दोन्ही दुसऱ्याच्या मुठीत असतात, तेथे चांगुलपणावर विसंबू नये. तेथील सरकारलाही हे पटले, आणि जून २०१९ पासून मालकाकडून छळ होत असल्याचे दाखविता आल्यास कोणाकडेही काम करता येईल असा मोकळा परवाना मिळण्याची तरतूद झाली. ही तरतूद ठाऊक नसल्याने निमूटपणे सोसणारी माणसे असतात, म्हणून तिचा येथे मुद्दाम उल्लेख केला.

तिसरी गोष्ट म्हणजे पत्रांचा बाजार. ज्या वस्तूने दार उघडते ती वस्तू विकली जाऊ लागते, हा जगाचा अनुभव आहे, आणि आपल्या मुंबईने तो घेतलेला आहे. गिरणीत काम मिळावयाचे ते जॉबरच्या मर्जीने. आणि ती मर्जी मिळावयाची ती दस्तुरी मोजून. कामाला लागण्याचे पैसे, कामावर राहण्याचे पैसे, सुटी मिळण्याचे पैसे. १९३१ साली हिंदुस्थानातील मजुरांच्या स्थितीविषयी शाही कमिशनने जो अहवाल दिला, त्यात या प्रथेवर कडक टीका आहे. कॅनडाच्या पत्राचे पैसे मागणारा दलाल हा त्याच जॉबरचा नातू समजावा. त्याच्या अंगावर कोट आला आणि बोलण्यात इंग्रजी आली, एवढाच फरक.

कॅनडाचा कायदा या बाबतीत स्पष्ट आहे. माणूस भरती करण्याचा खर्च मालकाचा. तो परदेशी कामगाराकडून उकळता येत नाही. अर्ज करण्याच्या कामी सल्ल्याचे पैसे घेण्याचा अधिकार तेथील वकिलांना व परवानाधारक सल्लागारांना आहे, पण ते सल्ल्याचे; नोकरीचे नव्हेत. ‘पत्र मिळवून देतो, इतके लाख द्या’ असे जो म्हणतो, तो एक तर खोटे पत्र विकतो किंवा खरे पत्र बेकायदा विकतो. दोहोंचे फळ घेणाऱ्याच्या पदरी पडते. अर्जात खोटी माहिती दिल्याचे ठरले तर पाच वर्षे त्या देशाचे दार बंद होते, आणि ‘दलालाने केले, मला ठाऊक नव्हते’ या सबबीने बहुधा सुटका होत नाही. २०२३ साली पंजाबातून गेलेल्या कित्येक विद्यार्थ्यांवर, वर्षांपूर्वी दलालांनी दिलेली कॉलेजची प्रवेशपत्रे खोटी निघाल्यामुळे हद्दपारीची पाळी आली होती, हे पुष्कळांना आठवत असेल. नोकरीच्या पत्रांचा बाजार इतका माजला की केंद्राच्या गुणपद्धतीत अशा पत्राला मिळणारे ५० किंवा २०० गुण २५ मार्च २०२५ पासून सरकारने काढूनच टाकले. प्रांतांच्या योजनांतून मात्र पत्राचे महत्त्व त्यानंतरही राहिले, आणि म्हणून दलालांची नजर आता तिकडे अधिक आहे.

येथवर आपण उमेदवाराची बाजू पाहिली. आता प्रांताची पाहू, कारण त्याचीही एक पंचाईत आहे. १९८२ च्या अधिकारांच्या सनदेतील ६ व्या कलमाने नागरिकांना आणि कायम रहिवाशांना कोणत्याही प्रांतात जाऊन राहण्याचा व पोट भरण्याचा हक्क दिला आहे. म्हणजे प्रांताने शिफारस करावी, मालकाने वाट पाहावी, आणि रहिवासाचा कागद हाती पडताच माणसाने टोरांटोची गाडी धरावी, तर त्याला कोणी अडवू शकत नाही. पहिल्यापासूनच न राहण्याचे ठरवून ‘राहीन’ असे लिहून देणे हा अप्रामाणिकपणा खरा. परंतु प्रामाणिकपणे आलेला माणूसही कंटाळून निघून गेला तर तो त्याचा हक्कच आहे. तेव्हा कागद येईपर्यंत मालकाच्या हाती दोरी, आणि कागद आल्यावर ती एकदम सुटलेली. मग माणूस टिकतो कशाने?

याचे उत्तर शोधण्यास आम्हांला कॅनडाला जावे लागत नाही. कोकणातून मुंबईला आलेल्या माणसाला नोकरी जॉबरने दिली असेल, पण मुंबईत टिकविले ते त्याच्या गावच्या खोलीने. एका खोलीत गावचे पंधरावीस जण राहत, पाळीपाळीने झोपत, एखाद्या बाईच्या खाणावळीत जेवत, आजारी पडल्यास गाववाले पाहत, मेल्यास तेच खांदा देत. गोव्याच्या लोकांचे धोबीतलावाकडील कूडही याच जातीचे. नोकरी बदलली, संप झाला, तरी खोली कायम असे. माणसाला परक्या मुलखात धरून ठेवणारी शक्ती पगारात नसते, या खोलीत असते. अटलांटिक योजनेतला स्थिरावण्याचा आराखडा म्हणजे सरकारने कागदावर बांधलेली अशी एक खोली होय. २०२१ च्या अखेरीस तेथील सरकारने सांगितल्याप्रमाणे, प्रयोगाच्या काळात १० हजारांहून अधिक लोक आले आणि वर्षानंतरही त्यांतील नव्वद टक्क्यांहून अधिक त्याच प्रदेशात होते. एका वर्षाने सगळे ठरत नाही हे खरे. तथापि जेथे माणसाला केवळ कामाचे दोन हात न मानता त्याच्या बिऱ्हाडाचाही विचार झाला, तेथे माणूस राहिला, एवढे यातून दिसते.

म्हणून पत्र हाती आल्यावर घरात कोणते प्रश्न विचारावेत, ते थोडक्यात सांगतो. मालकाचे नाव प्रांताच्या मान्य यादीत आहे काय? हुद्दा, तास, वेतन आणि मुदत पत्रात स्वच्छ लिहिली आहेत काय? त्या कामाला परवाना लागतो काय? पत्रासाठी कोणी पैसे मागितले काय? मागितले असतील तर पुढचे प्रश्न विचारण्याचे कारण नाही. आणि शेवटचा, जो आपल्याकडे सहसा विचारला जात नाही: त्या गावी उणे वीस अंशांच्या जानेवारीत, संध्याकाळी पाचाला अंधार पडल्यावर, घरी राहिलेल्या बायकोने व मुलांनी कोणाशी बोलावयाचे? मुलगा निभावून नेतो. त्याला काम असते. परत येतात ती बिऱ्हाडे बहुधा घरातल्या एकांताने.

धोरणे पालटतात, हेही विसरू नये. २०२४ साली प्रांतांच्या शिफारशीने १ लाख १० हजार माणसे घेण्याचे ठरलेल्या त्या देशाने २०२५ साठी तोच आकडा ५५ हजारांवर आणला. अर्ध्या वाटेवर असलेल्या हजारोंची त्यामुळे ओढाताण झाली. दुसऱ्याच्या घरात पाहुणा किती घ्यावयाचा हे घरधनी ठरविणार. त्याबद्दल तक्रार करून उपयोग नाही. परंतु ज्याचा निर्णय परक्याच्या हाती आहे अशा गोष्टीवर घरची सगळी शिल्लक लावू नये, एवढी सावधगिरी तर आपल्या हातात आहे. येथली नोकरी कागद पक्का होण्याआधी सोडू नये. येथली जमीन पत्रासाठी विकू नये.

हॅलिफॅक्सच्या धक्क्यावर पिअर २१ नावाची इमारत आहे. १९२८ ते १९७१ या काळात सुमारे दहा लाख माणसे बोटीतून उतरून तिच्यातून कॅनडात शिरली. आज तेथे त्यांच्या स्मृतींचे संग्रहालय आहे. त्यांतील बहुतेक जण धक्क्यावरूनच आगगाडीत बसून पुढे गेले. तो किनारा त्यांच्या दृष्टीने केवळ उंबरठा होता. आज तोच किनारा येणाऱ्याला म्हणत आहे की पुढे जाऊ नका, येथेच राहा. हे बोलावणे मनापासूनचे आहे. ते स्वीकारावयाचे तर आपल्या मुलांनी डोळे उघडे ठेवून आणि सहकुटुंब विचार करून स्वीकारावे, आणि दलालाच्या हातून तर मुळीच घेऊ नये, एवढेच सांगून हा विषय पुरा करतो.